वच्छलाचा नळ

चौसष्ट कुलर, एकोणीस दिवस, अकरा माणसं.
नवतपा लागायच्या आत दवाखान्यात पोचले पाहिजेत,
शेठ फोनवर एवढंच म्हणाले
आणि लकडगंजच्या त्या तापल्या शेडमध्ये
खडू माझ्या हातात आला.

फळा भिंतीला टेकवला.
पत्रा कापणार निकेश पराते.
वेल्डिंगला गुलाबराव हेडाऊ.
मोटरी इकरार अन्सारीकडे,
खस भरायला वच्छलाबाई नंदेश्वर आणि तिच्या सोबतच्या दोघी,
पोचवायला पूरनलालचा छोटा हत्ती.
एकाचं संपलं की दुसऱ्याचं सुरू:
या चौकटीतून त्या चौकटीत
मी बाण काढत गेले.
कॉलेजात शिकले होते हे, तेव्हा पेन्सिलीनं.
दोनदा दारापर्यंत मागे जाऊन
मी माझा फळा पाहिला.
छान दिसत होता.

तिसऱ्या दिवशी बाण अडला.
टाक्या रंगून वाळलेल्या, जाळ्या रिकाम्या,
खसेच्या गठ्ठ्यावर एक मांजर निजलेलं.
साडेचार वाजलेले.
"वच्छलाबाई कुठं आहे?"
सगळे एकदम कामात बुडाले.
"येऊन राहिली," गुलाबराव म्हणाले,
तोंडावरची काच न सारता.
मग मी जे बोलले, मोठ्यानं,
ते इथं लिहीत नाही.

इकरार तारेचे वळसे मोजत होता.
मोजताना तो सलामालाही उत्तर देत नाही.
सहाशे चाळीस झाले, गाठ मारली, मग म्हणाला,
"म्याडम, तिच्या पारडीले नळ साडेचारले येते.
चाळीस मिनिटं. गेली नाही
त उद्या घरात पाणीच नाही.
सहाले वापस येते, नवापर्यंत बसते.
आमी शटर अर्धं उघडं ठेवतो."

आमी.
म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं.
हळूहळू बाकीचंही कळत गेलं:
संध्याकाळी गुलाबरावांना सांधा दिसत नाही,
म्हणून निकेश आधीच पांढरी खूण करून ठेवतो.
शुक्रवारी इकरार नमाजाला गेला
की वार्निशवर पूरनलाल डोळा ठेवतो,
गाडीत बसून, बिडी न पेटवता.
मी खडू घेऊन उभी राहायच्या कितीतरी आधी
हे लोक एकमेकांना कामं वाटून मोकळे झाले होते
आणि माझा फळा पाहून
मान तेवढी हलवत होते.

ओल्या खसेचा चुथडा घेतला, फळा पुसला.
सगळीकडे तो वास.
पहिल्या ओळीत लिहिलं: साडेचार, नळ.
त्याखाली: अंधार पडायच्या आत वेल्डिंग.
त्याखाली: शुक्रवार, एक ते दोन.
मग उरलेल्या जागेत कुलर बसवले.
अक्षर बारीक काढावं लागलं, पण बसले.
वच्छला सहाला आली,
फळ्याकडे पाहिलं,
"माह्या नळाचं नाव कायले लिहिलं वं?" म्हणाली,
आणि पदर तोंडावर घेऊन हसली.
माफी मागायची राहिली ती राहिलीच.
दुसऱ्या दिवशी मी पिंप भरून शेडमध्ये ठेवलं,
तिनं त्यातलं पाणी खसेवर मारलं.

अठराव्या दिवशी चौसष्टही पोचले.
सातव्या वॉर्डात पंख्यांचा तो घरघराट,
पाऊण तासानं पहिली गार झुळूक,
चादरीचं एक टोक हललं.
मी यादी घेऊन फिरत होते, बरोबरच्या खुणा करत.
एकेचाळीस नंबरच्या टाकीत पाणी नव्हतं.
पाणी कोण भरणार?
अकरा नावं वरपासून खालपर्यंत वाचली.
ते काम मी कुणालाच दिलं नव्हतं.

तेवढ्यात खाटेखालून एक माणूस उठला,
देवरीकडचा असावा, पेशंटचा भाऊ,
डब्याचं मोठं झाकण घेतलं
आणि व्हरांड्यातल्या नळाशी गेला.
सात खेपा. मी मोजल्या.
"तुमचं नाव?" पेन उघडत मी विचारलं.
"नाव कायले पाह्यजे?" तो म्हणाला.
"सरका जराशा, बाजूचाबी कोरडाच आहे."